मादाम असतानाच लिहिलेला मृत्युलेख

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते मादामचं. आई-वडिलांचं ऋण वेगळं. ते फेडायचं नसतंच, फक्त मान्य करायचं असतं. पण जी बाई ना आपल्या नात्याची, ना जातीगोतीची, ना देशाची, तिने आपल्याला चार वाक्यं सरळ लिहायला आणि त्याहून अवघड म्हणजे सरळ बोलायला शिकवलं, तर तिचं नाव आधी घ्यायला हवं. नाव म्हणजे मादाम एवढंच. आम्ही घरात तिला याच नावाने ओळखतो आणि तिला छापील नावाची हौस नाही.

मादाम ऑकलंडच्या दक्षिणेकडच्या पापाकुरातली आमची घरमालकीण. जन्माने फ्रेंच, कामाने आधी पत्रकार, मग कादंबरीकार, मग पुन्हा पत्रकार. २०११च्या शेवटी बायकोला घेऊन मी न्यूझीलंडला आलो तेव्हा तिच्या घरामागची छोटी स्वतंत्र खोली भाड्याने असल्याची चिठ्ठी कोपऱ्यावरच्या डेअरीच्या काचेवर चिकटवलेली होती. डेअरी म्हणजे तिथलं किराणा दुकान. दूध मिळतं, पण म्हैस नसते. अशी खोली आमच्या परांड्यात गड्याची खोली म्हणून ओळखली गेली असती. पण तिला स्वतःची मोरी होती आणि खिडकीला टेकलेलं लिंबाचं झाड होतं. बायको पुण्याची. तिने लिंबं पाहिली आणि म्हणाली, "घेऊन टाक. निदान सरबताची सोय झाली."

मादामने भाडेकरू म्हणून माझी जी चौकशी केली ती मी विसरणार नाही. पगार, नोकरी, ओळखपत्र यातलं तिने काहीच विचारलं नाही. वडील काय करतात, असं विचारलं. मी म्हणालो, विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात, तारा नव्याने भरतात. ती म्हणाली, कशा भरतात ते सांगा. मी हाताने हवेत तांब्याच्या तारेचे वेढे घालून दाखवायला लागलो. ती मध्येच विचारायची, तार तुटली तर? मोजणी चुकली तर? कळतं कधी? मला वाटलं, या बाईला पंपाचा धंदा काढायचाय. शेवटी ती उठली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. ज्याला बापाचं काम इतकं नीट माहीत आहे तो भाडं वेळेवर देईल, असा तिचा हिशेब. आमचं बोलणं इंग्रजीतच व्हायचं, तिचं फ्रेंच वळणाचं आणि माझं परांड्याच्या वळणाचं. बायको म्हणायची, "तुम्ही दोघं बोलायला लागलात की मला दुभाषा लागतो."

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. सोलापूरला अभियांत्रिकी केली, मग पुण्यात पाणीपुरवठ्याच्या योजनांवर काम केलं. ऑकलंडमध्ये अर्ज पाठवले तर सगळीकडून एकच उत्तर, इथला अनुभव नाही. मादामने अर्ज पाहायला मागितला. त्यात मी लिहिलं होतं की मी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, जिद्दी आहे आणि संघभावनेने काम करतो. पेन्सिल घेऊन तिने हे सगळं खोडलं. पान जवळजवळ रिकामं झालं.

"हे तुमच्या मावशीने म्हणायचं," ती म्हणाली. "तुम्ही काय केलंत ते सांगा."

मग तिने प्रश्न विचारून माझ्याकडून एका खेड्यातल्या पंपघराची गोष्ट काढून घेतली. पंप बंद केला की पाणी उलटं येऊन पाइपवर आदळायचं आणि झडप फुटायची. सगळे झडपेला शिव्या द्यायचे. मी पंप बंद व्हायचा वेग कमी करून दिला आणि झडप फुटायची थांबली. हे तिने चार ओळींत लिहायला लावलं. माउंट वेलिंग्टनमधल्या पंपांच्या ज्या कंपनीत मला नोकरी लागली तिथल्या साहेबाने मुलाखतीत त्या चार ओळींखेरीज काही विचारलं नाही. शेवटी म्हणाला, "स्वीट अ‍ॅज." मी घरी येऊन बायकोला म्हणालो, साहेब काहीतरी गोड म्हणाला, पण नोकरी लागली का ते कळत नाही. लागली होती. तिकडे त्याचा अर्थ 'झकास'.

बायको औषधनिर्माती. तिला टाकानिनीच्या एका औषधांच्या दुकानात काम मिळालं. पुढे मुलगी झाली, आणि ती पहिली रांगत गेली ती मादामच्या दारात. आता मराठी सगळं समजतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत. मादामला ती 'मादाम आजी' म्हणते.

दर रविवारी सकाळी मागच्या अंगणात मादाम कपडे वाळत घालायची आणि मी आमचे घालायचो. तिचं आयुष्य मला कळलं ते या दोरीवर. ओळीने नाही, कधी मधलं, कधी शेवटचं, चिमटे पुरतील तेवढंच.

ती फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका मासेमारी बंदरातली. आई लोकांचे कपडे धुवायची. गावात बायकांचा धुण्याचा सार्वजनिक हौद होता, वर छप्पर, भोवती दगड. सगळ्या गावाच्या बातम्या तिथे. मादाम म्हणायची, मी पत्रकारिता तिथे शिकले, शाळेत फक्त शुद्धलेखन. घरात शिकणारी ती पहिलीच. हे ऐकलं तेव्हा मी हातातला शर्ट तसाच धरून उभा राहिलो. म्हणालो, मीही. ती म्हणाली, ते मला तुम्ही तार भरून दाखवलीत तेव्हाच कळलं होतं.

जिल्ह्याच्या छोट्या वर्तमानपत्रात तिने सायकली चोरीला गेल्याच्या, कोठारं जळाल्याच्या बातम्या लिहिल्या. मग पॅरिसच्या एका मोठ्या दैनिकात नोकरी लागली. बायकांना तेव्हा तिथे बहुतेक पाककृती आणि टोप्यांच्या फॅशनवर लिहायला द्यायचे. तिला कोपऱ्यातलं एक टेबल मिळालं आणि एक विचित्र काम, मोठमोठ्या लोकांचे मृत्युलेख ते लोक जिवंत असतानाच लिहून ठेवायचं. मला खरं वाटेना. ती म्हणाली, मग काय, मंत्री मध्यरात्री गेला तर सकाळच्या अंकात अर्धं पान कुठून येतं? सगळं आधी लिहून कपाटात असतं. फक्त शेवटचा दिवस भरायचा.

तिच्या कपाटात एक म्हातारा नट होता. त्याला कुणीतरी सांगितलं की याचा लेख तयार आहे. तो दर वर्षी तिला जेवायला बोलवायचा आणि हळूच विचारायचा, किती लांब आहे? एकदा त्याला कळलं की त्याच्या प्रतिस्पर्ध्याचा लेख जास्त लांब आहे. तो रुसला आणि त्याने म्हणे नवीन नाटक घेतलं, केवळ एक परिच्छेद वाढावा म्हणून. नाटक चाललं. संपादक बदलत गेले, नट काही जाईना. हे सांगताना मादाम इतकी हसायची की चिमटे गवतात पडायचे.

त्याच काळात तिने पहिली कादंबरी लिहिली, त्या धुण्याच्या हौदावरची. तिला एक बक्षीस मिळालं आणि गावात वादळ झालं, कारण गावातल्या बायकांनी त्यात स्वतःला ओळखलं. तिची आई बराच काळ तिच्याशी बोलली नाही. पहिलं लग्न मोडलं. दुसरी कादंबरी पडली. सत्तरच्या दशकात तिच्या वर्तमानपत्राने तिला इकडे पाठवलं. फ्रान्स तेव्हा प्रशांत महासागरातल्या बेटांवर अणुचाचण्या करत होता आणि न्यूझीलंडमधून लोक छोट्या बोटी घेऊन निषेधाला निघत होते. तिने जे पाहिलं ते लिहून पाठवलं. पॅरिसमध्ये त्यातलं निम्मं कापलं गेलं. तिने पुढची बातमी पाठवलीच नाही, राजीनामा पाठवला. बोटी दुरुस्त करणाऱ्या एका माणसाशी लग्न केलं आणि पापाकुरात राहिली. तिसरी कादंबरी इथे लिहिली, फ्रेंचमध्ये. आणि मग वर्षानुवर्षं दक्षिण ऑकलंडमध्ये घरोघर फुकट टाकलं जाणारं एक साप्ताहिक होतं, त्यात दर आठवड्याला इंग्रजीत लिहिलं. तुंबलेली गटारं, शाळेची जत्रा, हरवलेली कुत्री, नगरपालिकेच्या सभा. गटारांवरचे तिचे लेख मी कामासाठी वाचले आहेत. एक शब्द जास्तीचा नाही.

मुलगी बालवाडीत जायला लागली त्या सुमारास मादामच्या डोळ्यांचं सुरू झालं. पडद्याचा आजार. तिच्या भाषेत सांगायचं तर कडेचं दिसतं आणि मधलं पुसलं जातं. माणूस येताना दिसतो, चेहरा दिसत नाही. एका डोळ्याने ती अजून मोठं भिंग घेऊन वाचायची. डॉक्टरने सांगितलं होतं की हे वाचणंही फार दिवस टिकणार नाही.

त्यानंतरच्या रविवारी तिने कपडे वाळत घातले नाहीत. मला आत बोलावलं आणि फ्रेंच लेखकांचा एक जाडजूड कोश उघडून दाखवला. त्यात तिच्या नावाखाली तीन ओळी होत्या. तिने वाचून अर्थ सांगितला. जन्म, एका कादंबरीचं नाव, आणि मग, 'विवाहानंतर न्यूझीलंडला गेल्या व लेखन थांबवले.'

"थांबवलं?" मादाम म्हणाली. "दर गुरुवारी माझा लेख जायचा. मी आजारी असताना, नवरा गेला त्या आठवड्यातही. थांबवलं कधी?"

मी म्हणालो, त्यांना कळवा. ती म्हणाली, कळवून झालंय. त्यांना पुरावा म्हणून लेख हवाय, दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला. मग म्हणाली, तुम्ही माझा मृत्युलेख लिहा. आत्ता. म्हणजे मला माझ्या डोळ्यांनी वाचता येईल आणि चुका दुरुस्त करता येतील. मी गेल्यावर माझी भाची तो कोशवाल्यांनाही देईल आणि इथल्या पेपरलाही.

मी विचारलं, तुम्हीच का लिहीत नाही? ती म्हणाली, स्वतःचा लिहिणारे मी खूप पाहिलेत, सगळे खोटं लिहितात, मीही लिहीन. भाचीने लिहिला तर प्रेमाने लिहील, ते त्याहून वाईट.

मी लगेच म्हणालो, हो हो, लिहितो की. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नसतं, हे आमच्या हाडात आहे. आणि घरी येऊन बायकोला सांगितलं.

बायकोने हातातली पोळी तव्यावर टाकली ती उलटायची विसरली. "जिवंत माणसाचा मृत्युलेख? तुला वेड लागलंय का? आणि उद्या तिला खरंच काही झालं म्हणजे?"

"तिचा तो व्यवसाय होता गं."

"तिचा होता. तुझा नाहीये. तू पंप लाव."

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "आरं, जित्या माणसाचं आसलं काय लिहू नये. त्यापरीस पत्रिका लिही कुणाची तरी." माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि कागद घेऊन बसलो. पहिल्याच वाक्यात 'निधन' लिहायचं होतं. हात पुढे जाईना. मुलगी बाजूला चित्र काढत होती, मादाम आजीचंच. मी कागद ठेवून दिला.

दर रविवारी मादाम विचारायची, कुठवर आलं? मी म्हणायचो, होतंय, होतंय. आपल्याकडे याचा अर्थ सगळ्यांना कळतो. पण मादाम आयुष्यभर वर्तमानपत्रात काम केलेली. होतंय म्हणजे होतंय, अशी तिची समजूत. ती चष्मा पुसून तयार राहायची. आणि दर आठवड्याला भिंग जरा अधिक जवळ यायचं. मला ते दिसत होतं. मी लिंबं तोडून द्यायचो, नळ दुरुस्त करायचो, तिच्या छपरावरची पन्हळ साफ करायचो, एवढं एक सोडून सगळं.

बायकोलाच एक दिवस सुचलं. मादामला एक्याऐंशी वर्षं होत होती. "अरे, सहस्रचंद्रदर्शन करू की तिचं. आपल्याकडे एक्याऐंशीला करतात. तेव्हा गौरवलेख वाचायचा. सगळं आयुष्य येतं त्यात आणि अशुभही नाही. तुझंही काम झालं, तिचंही झालं."

मला इतकं हायसं वाटलं की मी त्याच दिवशी लिहायला बसलो. मादामला कल्पना सांगितली. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाचं हे औक्षण असतं म्हटल्यावर ती खूश झाली. म्हणाली, ढग धरून मोजता का ढग सोडून? ऑकलंडमध्ये हा प्रश्न रास्त आहे.

तिच्या दिवाणखान्यात कार्यक्रम झाला. आमच्या ओळखीची तीन-चार मराठी कुटुंबं आली, शेजारी आले. निरांजनं एवढी कुठून आणणार, म्हणून बायकोने छोट्या मेणाच्या पणत्या आणून परातीत मांडल्या, जितकी वर्षं तितक्या. सगळ्या एकदम पेटल्या आणि बायकांनी ओवाळायला परात उचलली तोच छताला लावलेला, आगीची सूचना देणारा भोंगा वाजायला लागला. शेजारचा माणूस टॉवेल घेऊन त्याला वारा घालत होता, बायका ओवाळत होत्या आणि मादाम मध्ये खुर्चीवर शाल पांघरून राणीसारखी बसली होती. मुलगी कानावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, इट्स हीप्स लाउड." म्हणजे फारच मोठा आवाज. त्या गोंगाटात मी गौरवलेख वाचला. ज्ञानयज्ञ, लेखणीची उपासना, समाजाची तळमळ, सगळं इंग्रजीत घातलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मादामने माझा हात दाबला आणि कागद मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने बोलावलं. कागद टेबलावर होते. तिने दिवसभर भिंगाने ते वाचले होते, डोळा लाल झाला होता. पानं पेन्सिलीने भरली होती.

"छान आहे," ती म्हणाली. "या बाईंना मी ओळखत नाही."

मी काहीतरी बोलायला गेलो.

"माझी दुसरी कादंबरी कुठे आहे?"

"ती... तशी चालली नाही ना."

"चार वर्षं लिहीत होते मी ती. ती चार वर्षं तुम्ही कुठे ठेवलीत? माझं पहिलं लग्न? माझी आई माझ्याशी बोलायची बंद झाली, ते?"

मी म्हणालो, आमच्याकडे अशा दिवशी असलं काही बोलत नाहीत. माणसाचं चांगलं तेवढंच सांगायचं असतं.

"बरं आहे," मादाम म्हणाली. "तो दिवस काल संपला. कोशातल्या माणसाने माझी अर्धी वर्षं पुसली, मस्यु. उरलेली तुम्ही पुसू नका."

ती मला मस्यु म्हणायची, म्हणजे साहेब. तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर दिवस भराभर गेले. मादामची भाची फ्रान्सहून आली आणि दोघींनी मिळून ठरवलं की मादामने समुद्राकाठच्या एका वृद्धाश्रमात राहायचं. वृद्धाश्रम हा शब्द ऐकून आमचे चेहरे उतरले. मादामला त्याची गंमत वाटली. तिथे जेवण दुसरं कुणी करतं, याहून आणखी काय हवं, असं ती म्हणाली. घर विकलं गेलं आणि आम्ही टाकानिनीच्या नव्या वसाहतीत गेलो, जिथे सगळी घरं एकसारखी आहेत आणि लिंबाचं झाड कुणाकडेच नाही. जाताना मादामने एवढंच विचारलं, लेख कधी देता? यावेळी मी 'होतंय' म्हणालो नाही. म्हणालो, अजून सुरू केलेला नाही. "हे पहिलं खरं उत्तर," ती म्हणाली.

मग मी दर रविवारी तिच्याकडे जायला लागलो आणि तिने मला जसं विचारलं होतं तसं तिला विचारलं. आई पुन्हा बोलायला लागली ती कशी? पहिला नवरा कसा होता? राजीनाम्याचा पश्चात्ताप झाला का? विचारताना माझे कान तापायचे. वयाने मोठ्या बाईला असलं विचारायचं म्हणजे काय. ती मात्र खुशीत असायची. एखादा प्रश्न मी टाळला की म्हणायची, घाबरलात. विचारा.

पण लिहायला बसलो की पुन्हा तेच, निधनापाशी हात थांबायचा. शेवटी आईनेच सोडवलं. फोनवर इकडचं तिकडचं झाल्यावर तिने आपण होऊन विचारलं, त्या फ्रेंच बाईचं काय झालं? मी म्हणालो, डोळे चाललेत, वाट बघतेय आणि मला लिहवत नाही. 

"आसं कर," आई म्हणाली. "मानूस मेल्याची खोटी बातमी उठली तर त्याचं आयुष्य वाढतं म्हनत्यात. तुझ्या आज्याची उठली हुती, त्यो पुढं लई वर्सं जगला. मग लिही की. तिचं वाढलंच."

हे मी लहानपणापासून ऐकलेलं होतं आणि मला कधीच आठवलं नव्हतं. बायको ऐकत होती. ती म्हणाली, "सासूबाईंनी परवानगी दिली ना? मग बस आता. आणि निधन लिहवत नसेल तर पत्र लिही तिला. पत्र जिवंत माणसालाच लिहितात." अशा रीतीने पुणे आणि परांडा यांचं आयुष्यात एकदा एकमत झालं.

मी पत्र लिहिलं. वृद्धाश्रमात वाचनाचं एक यंत्र होतं. खाली कागद ठेवला की वर पडद्यावर अक्षरं मोठी दिसतात. तरी मीही ठसठशीत टाइप केलं, एका पानावर जेमतेम दहा-बारा ओळी. ऑफिसात छापत होतो तेव्हा एक सहकारी थांबला. "किया ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला. "कसली पोस्टरं लावतोयस?" मी म्हणालो, एका बाईची. तो समजल्यासारखा हसून गेला.

मादामने ते स्वतःच्या डोळ्याने वाचलं. कित्येक दिवस लागले, रोज थोडं थोडं. मग तिने फोन केला आणि म्हणाली, एक वाक्य खोडलं आहे. दुसऱ्या कादंबरीबद्दल मी लिहिलं होतं की ती समीक्षकांना समजली नाही. "त्यांना समजली होती," ती म्हणाली. "ती वाईट होती. तसं लिहा." बाकी सगळं तिने तसंच ठेवलं. भाचीने पुढची वाट न बघता त्यावरून कोशवाल्यांना लगेच लेख पाठवला आणि त्यांनी ओळ दुरुस्त करायचं कबूल केलं. काही महिन्यांनी मादामला वाचता येईनासं झालं. आता मुलगी जाऊन तिला इंग्रजीतून वाचून दाखवते आणि मादाम तिचे उच्चार सुधारते, फ्रेंच वळणाने. हे लिहितोय तेव्हा २०१९ चाललंय आणि मादाम ठणठणीत आहे. आई त्याचं श्रेय घेते.

पत्र इंग्रजीत होतं. तिची दुरुस्ती घालून ते मराठीत खाली देतो.

प्रिय मादाम,

तुम्ही मागितलेला लेख पाठवतो आहे. उशीर झाला. तो पत्रासारखा लिहिला आहे, कारण मला तुमच्याशी बोलल्याशिवाय तो लिहिता येत नव्हता. तुमच्या भाचीला हवं तिथे 'तुम्ही'चं 'त्या' करता येईल.

तुम्ही फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात जन्मलात. तुमची आई लोकांचे कपडे धुवायची, वडील बोटीवर असायचे. घरात शाळा पूर्ण करणाऱ्या तुम्ही पहिल्या. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात तुम्ही चोऱ्या आणि आगी लिहिल्या, आणि एकदा चुकीच्या माणसाला चोर लिहिलंत. त्याच्या घरी जाऊन माफी मागितलीत. त्याने दार लावून घेतलं. तुम्ही म्हणता की त्यानंतर तुम्ही प्रत्येक नाव दोनदा विचारायला लागलात.

पॅरिसमध्ये तुम्ही जिवंत माणसांचे मृत्युलेख लिहिलेत. पहिल्या कादंबरीत तुम्ही तुमच्या गावच्या धुण्याच्या हौदावरच्या बायका लिहिल्या, त्यांना न विचारता. तिला बक्षीस मिळालं. तुमच्या आईने तुमच्याशी बोलणं सोडलं. तुम्ही तिच्याकडे जात राहिलात आणि ती तुम्हाला न बोलता जेवायला वाढत राहिली. एका दिवशी तिने विचारलं की पुस्तकातल्या बाईचा एप्रन निळा का लिहिला, माझा तर करडा होता. तेव्हापासून बोलणं सुरू झालं. पुढच्या आवृत्तीत तुम्ही तो करडा केलात.

तुमचं पहिलं लग्न मोडलं. तो वाईट माणूस नव्हता, तुम्ही घरी नसायचात, हे तुमचेच शब्द. दुसरी कादंबरी चार वर्षांत लिहिलीत आणि ती पडली. ती वाईट होती.

तुमच्या वर्तमानपत्राने तुम्हाला प्रशांत महासागरातल्या अणुचाचण्यांवर लिहायला पाठवलं. तुम्ही तुमच्या देशाविरुद्ध लिहिलंत, कारण तुम्ही बंदरावर उभ्या होतात आणि संपादक नव्हते. त्यांनी कापलं आणि तुम्ही नोकरी सोडलीत. पश्चात्ताप झाला का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, पहिल्या हिवाळ्यात रोज.

बोटी दुरुस्त करणाऱ्या माणसाबरोबर तुम्ही पापाकुरात राहिलात. तिसरी कादंबरी तुम्ही इथे लिहिलीत. ती थोड्या लोकांनी वाचली आणि तुम्हाला ती सगळ्यात आवडते. त्यानंतर दर आठवड्याला तुम्ही इंग्रजीत, तुमच्या नसलेल्या भाषेत, आमच्या भागातल्या लोकांसाठी लिहिलंत. ज्या रस्त्यावरचं गटार तुमच्या लेखानंतर नगरपालिकेने बदललं, त्यावरच्या पंपाची देखभाल आता आमची कंपनी करते. तो चांगला चालतो आहे.

तुम्ही लेखन थांबवलं नाही.

यात कुठेही स्तुती नाही. घालायचा मोह फार वेळा झाला. हे लिहिताना मला कळलं की तुमच्याबद्दल मला जे वाटतं ते इथे कुठल्याच ओळीत बसत नाही, आणि तुम्ही ते खोडलं असतं. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिला मी हे सगळं मराठीत सांगितलं. ती एप्रनपाशी थांबली आणि म्हणाली की तुमची आई बरोबर होती.

चुका असतील तिथे खूण करा. पेन्सिल सोबत पाठवली आहे, जाड शिशाची. रविवारी आम्ही तिघं येतो. बायको विचारते आहे की भाताबरोबर आमटी आणू का कढी, आणि या प्रश्नाचं उत्तर कृपया फोनवर द्या, कारण ती शनिवारीच तयारीला लागते.

तुमचा,
मागच्या खोलीतला भाडेकरू